इकडे तर हिरवं आहे, काकू!

आता हसायचं नाही हां, आधीच सांगून ठेवतो. म्हणजे हसा, पण तोंडात चहा असताना नका हसू. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या एका मित्राच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचंही पाप माझ्याच माथी आलं.

तर झालं असं. मी कॉम्प्युटरवाला. पंधरा वर्षं झाली या धंद्यात. जबलपुरात विजय नगरला आमचं छोटंसं ऑफिस आहे. रक्त, लघवी, थायरॉईड, असल्या तपासण्यांचे रिपोर्ट पेशंटच्या मोबाईलवर धाडणारं ॲप आम्ही बनवतो. शहरातली सात कलेक्शन सेंटरं ते वापरतात. मालक दुबेजी. माणूस लाख मोलाचा, फक्त उत्साह फार. त्यांना सकाळी एखादी गोष्ट सांगा, दुपारपर्यंत अख्ख्या विजय नगरला माहीत!

एक दिवस दुबेजी म्हणाले, "अविनाश भैया, ऐप बंद होता है तो पहले कस्टमर को पता चलता है, फिर हमको. ये तो उल्टी गंगा है. पहले हमको पता चलना चाहिए कि नहीं?"

मी म्हटलं, "हो जाएगा."

हे 'हो जाएगा' मी इतक्या थाटात म्हटलं की दुबेजींनी जागच्या जागी ठरवून टाकलं, आपल्याकडे मॉनिटरिंग सिस्टम बसणार.

आता ही भानगड काय असते, ते सोपं करून सांगतो. शाळेतली हजेरी आठवा. प्रत्येक सेंटरच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम बसवायचा, त्याला एजंट म्हणतात. तो दर मिनिटाला ओरडतो, "हजर!" आणि आमच्या ऑफिसात एक मोठा सर्व्हर, त्याला म्हणायचं बॅकएंड. हा मास्तर. सगळ्यांची हजेरी हा लिहून घेतो. हजेरी आली तर पडद्यावर हिरवा दिवा. दोन मिनिटं आवाज नाही आला तर लाल दिवा आणि भोंगा. झालं! एवढंच आहे.

आणि खोटं कशाला बोलू, मास्तर मी उभा केला झकास! डेटाबेस काय, आलेख काय, भोंग्याचा आवाज काय! त्याच मशीनला एक मोठा टीव्ही जोडला आणि भिंतीवर लावला. पडदा कसा दिसेल ते पाहायला त्याच मशीनवर सातही सेंटरांच्या नावानं नकली हजेरी लावून पाहिली. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.) मग तीच सेटिंगची फाईल उचलली आणि सातही सेंटरांवर एजंट बसवून टाकले, घरी बसून, एका दमात. कुठे जायची गरज नाही, कोणाला विचारायची गरज नाही. वा रे पठ्ठ्या!

सोमवारी सकाळी टीव्ही लावला. सात हिरवे दिवे! एका ओळीत!

दुबेजी हात जोडून उभे राहिले टीव्हीसमोर. खरंच. चपला बाहेर काढून आले होते.

आता या किश्शातलं मुख्य माणूस. ओमतीच्या सेंटरवर एक काकू बसतात. कुमुदकाकू. वय साठीच्या पुढे. मूळच्या अमरावतीकडल्या, पण सगळी नोकरी इथे जबलपुरात टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात सेंटरवर येऊन बसल्या. म्हणे, "घरी बसून कोणाशी बोलू, भिंतीशी?" सगळे त्यांना काकूजी म्हणतात, नमुने न्यायला येणारा ड्रायव्हरसुद्धा, समोरचा पानवालासुद्धा. सुती साडी, साखळीला लटकलेला चष्मा, आणि आवाज असा की फोनवर त्यांचं 'हॅलो' ऐकलं तर माणूस खुर्चीतून उभा राहतो. आणि डोकं! पेशंट दारात आला की नाव विचारत नाहीत. "पच्चीस बयालीस ना? आपका शुगर आ गया." मोबाईलचे शेवटचे चार आकडे! शेकडो लोकांचे!

आणि अशा बाईला मी काय समजलो? म्हातारी आहे, कॉम्प्युटर कळत नाही.

मंगळवारी काकूंचा फोन आला.

"काय रे अविनाश, ॲप बंद पडून राहिलं इकडे."

मी मान वळवून टीव्ही पाहिला. ओमती, हिरवं. तुकतुकीत!

"इकडे तर हिरवं आहे, काकू."

"तिकडे काहीही असो, इकडे रिपोर्ट जाऊन नाही राहिला."

"काकू, जरा बंद करून चालू करा. होऊन जाईल."

झालंही. मग काय, मी दुबेजींकडे पाहून डोळा मिचकावला. सिस्टम बरोबर, बाई चूक!

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी म्हटलं, राऊटर खराब असेल. नवा राऊटर घेऊन स्वतः ओमतीला गेलो आणि बसवून आलो. मी पोचेपर्यंत ॲप सुरूच झालं होतं. काकू म्हणाल्या, "आता चालू आहे, पण बंद होतं. आणि हे पाह, एक काळी खिडकी उघडते आणि झटकन बंद होते. तिच्यात 'रिफ्यूज्ड' असं काहीतरी लिहिलेलं असते. काहून?"

मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "काकू, ते तुमच्यासाठी नसतं."

धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं आता वाटते. तेव्हा नाही वाटलं. तेव्हा मी तिथे बसून त्यांचा चहा प्यायलो.

तिसऱ्या दिवशी वायर बदलली. चौथ्या दिवशी, ऐका बरं का, मी फोनवर सांगितलं, "काकू, तुमचं टेबल खिडकीजवळ आहे ना? ऊन लागून मशीन गरम होत असेल. टेबल हलवा."

आणि त्यांनी हलवलं हो! पानवाल्याला बोलावून, तो ड्रायव्हर आणि त्या स्वतः, तिघांनी मिळून ते शिसवी टेबल या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं. पाठ दुखली असेल बाईची. फक्त म्हणाल्या, "हलवलं. आता बोल."

"आता इकडे तर हिरवं आहे, काकू."

"इकडे नाही आहे, बाबा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

इकडे दुबेजींनी माझी कीर्ती पसरवून ठेवली होती. महाराजपुरला एक नवीन मोठा दवाखाना सुरू होणार होता. तिथल्या मुख्य डॉक्टर मैडम स्वतः आमची सिस्टम पाहायला येणार! ते काम मिळालं तर आमचं ऑफिस टिकणार होतं. नाही मिळालं तर, दुबेजींनी कधी बोलून नाही दाखवलं, पण त्यांच्या टेबलावर ऑफिसच्या जागेचा कागद पडलेला मी पाहिला होता. जागा रिकामी करायचा.

डॉक्टर मैडम शनिवारी दुपारी आल्या. उंच, शांत बाई. बोलणं कमी, पाहणं जास्त. दुबेजींनी खोव्याची जलेबी मागवली होती. मी टीव्हीपुढे उभा राहून अर्धा तास भाषण ठोकलं. मास्तर, हजेरी, भोंगा, सगळं. शेवटी छाती फुगवून म्हटलं, "मैडम, जब से लगाया है, एक बार भी लाल नहीं हुआ."

मैडमनी टीव्हीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"एक बार भी नहीं?"

"एक बार भी नहीं!"

"अच्छा. तो लाल होता है कि नहीं, ये कैसे पता?"

पाहा! डॉक्टर शेवटी डॉक्टर असतो. ज्या पेशंटचा ताप कधी मोजलाच नाही त्याला ताप नाही कसं म्हणायचं? पण मला कुठे कळते! मी म्हटलं, "अभी दिखाता हूँ," आणि काकूंना फोन लावला. स्पीकरवर! टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून!

"काकू, एक काम करा. तुमचं मशीन बंद करा जरा."

"काय बंद करू?"

"कॉम्प्युटर. मेन स्विचच बंद करा सरळ."

"अरे, सकाळपासून ओमतीत लाईट नाही आहे. इन्व्हर्टर पण बसला दहा वाजता. मी टेबलावर मेणबत्ती लावून हातानं रिपोर्ट लिहून राहिली. आता अजून काय बंद करू, मेणबत्ती?"

सगळ्यांच्या माना टीव्हीकडे वळल्या.

ओमती. हिरवं. तुकतुकीत!

माझ्या हातात जलेबी होती. तिचा पाक मनगटावरून कोपरापर्यंत गेला, पण मला पत्ता नाही. दुबेजी हळूच म्हणाले, "भैया, दस बजे से बंद है. ये दिन भर हरा दिखा रहा है?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते देवालाच ठाऊक, बहुतेक 'थोडा टाइम लगता है' असं काहीतरी. मैडमनी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजले होते.

तेवढ्यात फोनमधून काकूंचा आवाज आला. मी फोन बंद करायचा विसरलो होतो.

"अविनाश, एक विचारू? रागावू नको."

"बोला, काकू."

"तुझ्या त्या दिव्याला कोण सांगते, की मी ठीक आहे म्हणून? माझं मशीन तर मेलेलं आहे. मग माझ्या नावानं तिथे बोलून कोण राहिलं?"

मी जलेबी बशीत ठेवली.

"आमच्या एक्सचेंजला बोर्डावर असे दिवे असायचे," काकू म्हणाल्या. "नवीन पोरी यायच्या, दिवा पाहून म्हणायच्या, लाईन बरी आहे. आमच्या सुपरवायजर बाई म्हणायच्या, दिव्यावर नको जाऊ, दोर ओढून पाह. दोर काढल्यावरही दिवा पेटलेलाच राहिला, तर तो लाईनीचा दिवा नाही, बोर्डाच्या आतच काहीतरी चिकटलं आहे. तुझ्या सर्व्हरला बाहेरून येणारी तार असेल ना? ती काढ. आणि मला सांग, किती दिवे विझले."

मी टेबलाखाली वाकलो. नेटवर्कची निळी तार काढली. आता जगातलं कोणतंही सेंटर या मशीनशी बोलू शकत नव्हतं. सगळेच्या सगळे दिवे लाल व्हायला पाहिजे होते.

दोन मिनिटं आम्ही चौघं, म्हणजे तिघं आणि एक फोन, टीव्हीकडे पाहत बसलो. दुबेजींचे ओठ हलत होते. जप करत असावेत.

तीन मिनिटं झाली.

सातही हिरवे!

"किती विझले?" काकूंनी विचारलं.

"एकही नाही."

"मग तुझे सातही दिवे घरातल्या घरातच आहेत बाबा. बाहेरचं कोणी बोलूनच नाही राहिलं."

आणि लख्खकन् माझ्या डोक्यात उजेड पडला. नकली हजेरी! ती मी बंदच केली नव्हती! सातही पोरांच्या नावानं एकच पोरगा वर्गात बसून "हजर, हजर" करत होता, आणि तो पोरगा होता मास्तर स्वतः! कॉलेजात आपण मित्रांची प्रॉक्सी लावायचो ना? मी अख्ख्या जबलपूरची लावून ठेवली होती.

आणि खरे एजंट? ते बिचारे सेंटरांवर होते, ओरडतही होते. पण सेटिंगच्या फाईलमध्ये जिथे आमच्या सर्व्हरचा पत्ता लिहायचा, तिथे मी माझ्या मशीनवरचा 'लोकलहोस्ट' तसाच ठेवला होता. लोकलहोस्ट म्हणजे 'इथेच, माझ्याच घरी'. पाकिटावर पत्त्याच्या जागी 'माझ्याच घरी' लिहून टपालात टाकलं तर ते कुठे जाईल? प्रत्येक एजंट स्वतःचंच दार ठोठावत होता, आत कोणी नाही म्हणून 'रिफ्यूज्ड' येत होतं, आणि ते एका काळ्या खिडकीत लिहून येत होतं.

जी खिडकी काकूंनी मला दाखवली होती. जी 'तुमच्यासाठी नसते'!

मी सगळं सांगून टाकलं. दुबेजींसमोर, मैडमसमोर, फोनसमोर. काय लपवणार? कोपरापर्यंत पाक होता. खोटं बोलायला अंगात अब्रू तरी शिल्लक लागते ना!

मैडम फोनकडे वाकल्या. "काकूजी, आप ऐप के बंद होने का टाइम बता सकती हैं?"

"हाँ जी, लिखा है ना. कॉपी में रोज का लिखती हूँ." पानं उलटल्याचा आवाज आला. "मंगल, ग्यारह सत्रह. बुध, सवा ग्यारह. गुरु, ग्यारह सोलह. शुक्र, सवा ग्यारह. हर बार सवा ग्यारह के आसपास, और दस-बारह मिनट."

सव्वा अकरा! आता हे ऐका आणि मला जे काय म्हणायचं ते म्हणा. सर्व्हरवरचा सगळा डेटा रोज आपोआप कॉपी होतो, त्याला बॅकअप म्हणतात. त्या वेळेत ॲप सगळीकडेच अडकते; बाकीची सेंटरं नेटला दोष देऊन गप्प बसली, वहीत लिहिलं फक्त काकूंनी. म्हणून तो रात्री सव्वा अकराला लावायचा असतो. तिथे तेवीस पंधरा लिहावं लागतं. सोमवारी दुपारी नवीन सेटिंग करताना कोणी लिहिलं होतं अकरा पंधरा?

विचारू नका.

माझी पाच दिवसांची सिस्टम काहीच सांगू शकली नाही ते काकूंच्या शाळेच्या वहीनं चार ओळींत सांगितलं. आणि वहीत अजून काय होतं, ते मला नंतर कळलं. शुक्रवारी पनागरचा एक माणूस बायकोच्या रिपोर्टसाठी आला होता. तिचं ऑपरेशन त्याच दुपारी, आणि रिपोर्ट पाहिल्याशिवाय तिकडले डॉक्टर हात लावणार नव्हते. ॲप अडकलेलं. मी फोनवर 'टेबल हलवा' म्हणत असेन तेव्हा! काकूंनी लॅबला फोन लावला, एकेक आकडा विचारून हातानं कागदावर उतरवला, दोनदा वाचून दाखवला, शिक्का मारला आणि त्या माणसाला ऑटोत बसवून दिलं. आणि मग टेबल हलवलं. वहीत फक्त एवढंच लिहिलं होतं, 'पनागरवाले, रिपोर्ट हाथ से दी, पहुँच गई.'

तर मी बॅकअपचंही कबूल केलं, आणि मैडमनी माझा पाकाचा हात पाहिला. मग एकदम हसल्या. मोठ्यानं, मनापासून! दुबेजी घाबरून त्यांच्यासोबत हसायला लागले.

"काकूजी, आपका ये इंजीनियर कैसा है?" मैडमनी फोनवर विचारलं.

मी डोळे मिटले.

"लड़का होशियार है मैडम," काकू म्हणाल्या. "मेहनती है. वायर लेके खुद दौड़ के आया. बस, पूछता नहीं है."

सांगा, याच्यापेक्षा दोन कानशिलात दिल्या असत्या तर कमी लागलं नसतं?

मैडम उठल्या. दुबेजींना म्हणाल्या, "ऑर्डर आपको दूँगी. लेकिन सिस्टम तब लगेगा जब काकूजी देख के कहेंगी कि ठीक है." आणि एक जलेबी उचलून निघून गेल्या.

पुढचा आठवडा मी काकूंच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार होतो. सगळी सेंटरं त्यांनी मला पायी, म्हणजे स्कूटरवर, फिरवली. मागे बसून. "घरी बसून नाही लागत दिवे. समोरच्याला जाऊन भेटावं लागते." प्रत्येक ठिकाणी एकच रीत. पत्ता बरोबर लिहायचा. मग मशीन बंद करायचं. मी ऑफिसात दुबेजींना फोन करायचा, "लाल झालं का?" झालं म्हटलं की काकू स्वतः फोन घेऊन पुन्हा विचारायच्या, "दुबेजी, देख के बोल रहे हो कि बैठ के?" मग मशीन चालू. हिरवं झालं का? मगच पुढे. नकली हजेरी त्यांनी माझ्याकडून त्यांच्यासमोर पुसून घेतली. बॅकअपचा टाइम माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, दोनदा, जसं पनागरच्या रिपोर्टचे आकडे वाचले तसं.

आणि काकूंचं टेबल? परत खिडकीजवळ. ते मात्र मी एकट्यानं हलवलं. पानवाला बघत उभा होता, हात नाही लावला त्यानं. "भैया, आप ही का काम है," म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी सातही दिवे हिरवे. खरे हिरवे! काकूंनी विजय नगरला येऊन, चष्मा लावून, एकेक दिवा पाहिला आणि मान हलवली. अहो, इतका आनंद मला इंजिनियरिंग पास झाल्यावर नव्हता झाला.

घरी आलो. भोंगा माझ्या मोबाईलवरही येईल अशी सोय करून ठेवली होती, रोज सकाळी सेंटरं उघडायच्या वेळेपासून संध्याकाळी बंद होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची पहिली बशी हातात घेतली आणि मोबाईल बोंबलला. ओमती लाल! पहिला खरा लाल दिवा! पाठोपाठ दुसरं सेंटर लाल. तिसरं! चौथं! सातही! शहरात काहीतरी मोठं झालं! पण या वेळी आधी मला कळलं होतं, काकूंना नाही! पोहे तिथेच टाकले, बनियनवर शर्ट चढवला, स्कूटर काढली, सुसाट ओमती! बघतो तर सेंटरला कुलूप. तिथूनच काकूंना फोन लावला.

"काकू! तुमचं सेंटर बंद पडलंय! सातही सेंटरं बंद पडलीत! आपल्या सिस्टमनं पकडलं!"

पलीकडे भांड्यांचा आवाज. मग काकू शांतपणे म्हणाल्या,

"बरोबर पकडलं बाबा. सिस्टम आता एकदम ठीक आहे. आज रविवार आहे."